साधेपणाचा जमाखर्च

सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख 30 जुलै 2021 रोजी गेले. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि त्यात एसटीचा प्रवास, साधे घर, धोतर-सदरा यांना मानाची जागा मिळाली. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येणारा, दोनदा मंत्रिमंडळात बसलेला माणूस असा राहतो याचे नवल वाटणे साहजिक आहे. मात्र ते ज्या शेतकरी कामगार पक्षात हयातभर राहिले, त्या पक्षाचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ओळखीपुरताच झाला. आपण साधेपणाकडे माणसाचा स्वभाव म्हणून पाहतो. कुणी उंच असतो, कुणाचा आवाज गोड असतो, तसा कुणी साधा असतो, अशी आपली समजूत आहे. महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. इथल्या सार्वजनिक जीवनातला साधेपणा ही माणसांनी जाणीवपूर्वक उभी केलेली व्यवस्था होती. तिला नियम होते, तिचे हिशेब होते, तिच्यावरून भांडणे झाली, आणि तिचा खर्च कुणीतरी उचलत होते. ती व्यवस्था मोडली आणि तिच्यातली माणसे तेवढी आठवणीत राहिली. आता ती आपल्याला एकेकटी, अपवादात्मक आणि थोडी अद्भुत वाटतात.

या व्यवस्थेचा पहिला आराखडा पुण्यात, शाळेच्या इमारतीत तयार झाला. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सरकारी नोकरीत चांगला पगार सहज मिळवू शकणाऱ्या पदवीधरांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, अशी तिथल्या आजीव सभासदांची अट होती. जेझुइट पाद्र्यांची शिस्त त्यांच्यासमोर होती आणि ते ती उघडपणे मान्य करत. आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्राची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यानंतर जे घडले ते क्वचितच सांगितले जाते. वेतन किती असावे, वाढ घ्यावी की नाही, संस्थेबाहेर कमाई केली तर चालेल का, या प्रश्नांवर आजीव सभासदांत वर्षानुवर्षे वाद झाले. टिळकांचा आग्रह कडक होता: पोटापुरते घ्यायचे आणि सगळा वेळ संस्थेला द्यायचा. आगरकर, गोखले आणि त्यांच्या बाजूचे सभासद म्हणत होते की संसार वाढतो, आजारपणे येतात, आणि माणसाला जगण्यापुरती मोकळीक हवी. 1890 साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्यामागे इतरही कारणे होती, स्वभावांचा संघर्ष होता, सामाजिक सुधारणेवरचे मतभेद होते. पण राजीनाम्याच्या मुळाशी असलेला एक मोठा प्रश्न किती घ्यावे हाच होता. मला या भांडणाचे मोल फार वाटते. दोन्हीकडची माणसे निःस्वार्थी होती, तरी त्यांना हा प्रश्न ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडून देता आला नाही. त्यांनी तो सभेत मांडला, लिहून काढला, नियमात बांधायचा प्रयत्न केला. आगरकर चाळिशीही न गाठता, दम्याने जर्जर होऊन 1895 मध्ये वारले. कडक नियमाची किंमत शरीर मोजते हेही त्या पिढीने पाहिले होते.

गोखल्यांनी हा धडा पुढे नेला. दरमहा 75 रुपयांवर शिकवून ते 1902 मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणाने त्यांनी सरकारची झोप उडवली. मिठावरचा कर, लष्करावरचा खर्च, शिलकीच्या अंदाजपत्रकामागची रयतेची ओढाताण यांवर सरकारी सभासदांसमोर आकड्यानिशी बोलायचे, तर सरकारकडून काहीही नको असलेला माणूसच हवा होता. 12 जून 1905 रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. सभासद होताना सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. त्यांतली एक पैशाची होती: समाज आपल्यासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तिच्यात समाधान मानायचे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. या प्रतिज्ञेला दोन बाजू आहेत. सभासद काही सोडतो, आणि त्या बदल्यात संस्था त्याच्या कुटुंबाची जबाबदारी घेते. त्यागाच्या कथांत पहिली बाजू येते, दुसरी गळून पडते. संस्थेने आपली बाजू निभावली म्हणून ना. म. जोशी आयुष्यभर मजुरांत काम करू शकले आणि 1920 मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत उभे राहिले. ठक्करबाप्पा इंजिनीअरची नोकरी सोडून आदिवासींमध्ये गेले. याच समाजात गोदावरी गोखले या पहिल्या स्त्री सभासद म्हणून आल्या. पुढे गोदावरी परुळेकर होऊन त्या आणि पती शामराव कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींचा लढा उभा राहिला. मवाळांच्या संस्थेतून लाल बावट्याकडे जाताना त्यांनी विचार बदलला, जगण्याची पद्धत बदलावी लागली नाही. पक्षाने पूर्णवेळ कार्यकर्त्याला थोडे मानधन द्यायचे आणि निवडून आलेल्याने आपला भत्ता पक्षाकडे जमा करायचा, ही कम्युनिस्टांची रीत गोखल्यांच्या प्रतिज्ञेपासून फार लांब नाही.

आता या व्यवस्थेवरच्या सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतो. तो डॉ. आंबेडकरांनी घेतला होता. 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला होता की कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याचा पगार सामान्यतः महिना 500 रुपयांपेक्षा जास्त नसावा. 1937 मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारने मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक आणले. पगार 500 रुपये. ज्या राज्यकारभारात गोरे अधिकारी हजारांनी पगार घेत, तिथे ही फार मोठी घोषणा होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून सभागृहात बसलेल्या आंबेडकरांनी विधेयकावर टीका केली. मंत्र्याचा पगार ठरवताना केवळ देशाचे दारिद्र्य पाहून चालत नाही, कर्तबगारी, लोकशाही आणि कारभाराची शुचिता या कसोट्याही लावाव्या लागतात, असा त्यांचा मुद्दा होता. पगार अपुरा ठेवला तर पद एक तर घरच्या श्रीमंताला परवडेल किंवा वरकमाई करणाऱ्याला. गरिबाच्या पोराला मंत्री व्हायचे असेल तर पगार पुरेसा हवा. इंग्लंडमध्ये मजुरांच्या चळवळीने हीच मागणी 1838 पासून लावून धरली होती. चार्टिस्टांच्या सहा मागण्यांपैकी एक खासदारांना वेतन मिळावे ही होती. ती पूर्ण व्हायला 1911 साल उजाडले आणि तेव्हा वर्षाला 400 पौंड ठरले.

आंबेडकरांच्या या टीकेत आणखी एक न सुटणारी गाठ आहे. सोडण्याजोगे काही ज्याच्याकडे असते त्याच्याच साध्या राहणीला त्याग म्हटले जाते. उच्चवर्णीय पदवीधर 75 रुपयांवर राहिला तर समाज हात जोडतो. महार तसा राहिला तर ते त्याचे विधिलिखितच असल्यासारखे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दादरला पुस्तकांसाठी राजगृह बांधणारे आणि कोट-टाय घालून सभेला जाणारे आंबेडकर त्यांच्या लोकांना जे सांगत होते, ते पंचा नेसून सांगता आले नसते. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र साधेपणा निरुपयोगी आहे असा होत नाही. निष्कर्ष असा की कमी पगार आणि साधी राहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार सार्वजनिक आहे, तो पुरेसा आणि उघड असावा. राहणी ही त्या माणसाने आणि त्याच्या संघटनेने मिळून ठरवायची. काँग्रेसने 1937 मध्ये या दोन्ही गोष्टी एका आकड्यात कोंबल्या. तो आकडा टिकला नाही, टिकण्यासारखा नव्हताही.

शिवाय ग्रामीण महाराष्ट्रात साधेपणाचा एक निराळाच प्रवाह होता आणि त्याचा पुण्याच्या प्रतिज्ञांशी थेट संबंध नव्हता. क्रांतिसिंह नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून 1930 च्या चळवळीत आले. 1942 नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा त्याने कर, न्यायनिवाडे, गावगुंडांचा बंदोबस्त यांबरोबर लग्नाच्या खर्चालाही हात घातला. गांधी विवाह या नावाने कमी खर्चाची लग्ने लावली गेली. त्यामागचे कारण रोकडे होते. शेतकरी सावकाराच्या दारात ज्या कारणांनी जात असे त्यांत लग्न हे एक मोठे कारण होते, आणि कर्जात बुडालेला शेतकरी सरकारविरुद्ध उभा राहू शकत नव्हता. इथे साधेपणा पुढाऱ्याचा दागिना राहिला नाही, तो गावाचा रिवाज व्हावा असा प्रयत्न झाला. नाना पाटील 1957 आणि 1967 मध्ये लोकसभेवर गेले आणि 1976 मध्ये वारले. पहिल्या विजयापासून जवळजवळ वीस वर्षे गेली, पण त्यांची राहणी त्यांच्या श्रोत्यांपासून दूर गेली नाही. गणपतराव देशमुखांचा साधेपणा याच वाणाचा. त्यांनी काही सोडले होते असे म्हणण्यापेक्षा दुष्काळी सांगोल्याचा शेतकरी जसा राहतो तसे राहणे त्यांनी 1962 च्या पहिल्या विजयानंतरही चालू ठेवले. ते दोनदा हरलेही, 1972 मध्ये आणि 1995 मध्ये. साधा माणूस म्हणून मते आपोआप पडतात असे नाही. पडली ती पाण्याच्या लढ्यांमुळे, सहकारी सूतगिरणीमुळे, आणि शेतकरी कामगार पक्षाच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांमुळे.

या जमाखर्चातली सर्वांत मोठी नोंद मात्र पुरुषांच्या चरित्रांत सहसा सापडत नाही. संस्था किंवा पक्ष दुबळा असेल तेव्हा नेत्याच्या साधेपणाचा भार घरातल्या बाईवर पडत होता. समाजवादी पक्षाकडे ना भारत सेवक समाजासारखी ठेव होती ना कम्युनिस्टांसारखी कडक वर्गणी. एस. एम. जोशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून राज्यभर फिरत होते, तेव्हा घर ताराबाईंच्या शिक्षिकेच्या पगारावर चालले. मधु लिमये तुरुंगात आणि संसदेत असताना चंपाताई प्राध्यापिका म्हणून नोकरी करत होत्या. या बायका स्वतः विचाराने चळवळीतल्या होत्या, त्यांना केवळ सोसणाऱ्या म्हणणे त्यांचा अपमान होईल. पण दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयाचे श्रेय एकाच्या नावावर जमा झाले हे खरे आहे. एकट्या बाईने हे सारे कसे पेलायचे, याचे उदाहरण मृणाल गोरे. डॉक्टरकीचे शिक्षण सोडून त्या कामात आल्या. 1958 मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी होती, आणि तरी गोरेगावच्या पाण्यापासून महागाईच्या लाटणे मोर्चांपर्यंत त्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे पगार आणणारी बायको नव्हती. साधेपणाचा गौरव करताना हा हिशेब मांडला नाही तर तो गौरव अर्धवट राहतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे. नेता कसा राहतो याच्याशी आम्हाला काय करायचे, त्याने काम करावे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याला सुंदर पुरावाही आहे. रोजगार हमी योजना ही या राज्याने देशाला दिलेली मोठी देणगी. तिची कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती, वारकरी वृत्तीचे, अगदी साधे राहणारे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, 1965 च्या सुमारास तिचा प्रयोग झाला. ती राज्यभर राबवली गेली वसंतराव नाईकांच्या काळात, 1972 च्या भीषण दुष्काळात. नाईक नीटनेटक्या पोशाखाचे, पाइप ओढणारे मुख्यमंत्री होते. शेतीवर त्यांचे खरे प्रेम होते आणि त्यांची राहणी त्याच्या आड आली नाही. पागे यांची कळकळ आणि नाईक यांची सत्ता एकत्र आली म्हणून लाखो मजुरांच्या चुली पेटल्या. तेव्हा साधा तोच कर्तबगार असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे यापेक्षा मर्यादित आहे: नेत्याच्या राहणीवरून त्याला कोणती गैरसोय दिसते आणि कोणती दिसत नाही हे बरेचसे ठरते. मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर लाकडी फळ्यांवर रात्र काढावी लागे. दंडवत्यांच्या काळात त्या फळ्यांवर दोन इंच फोम आला. रेल्वेच्या कारभारात ही बाब किरकोळ ठरली असती आणि आधीच्या मंत्र्यांच्या काळात तशी ठरलीही होती. सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा, राजापूरहून निवडून जाणारा, सामान्य प्रवाशांबरोबर प्रवास केलेला मंत्री आला तेव्हा ती मंत्रालयाच्या टेबलावर पोचली. कोट्यवधी लोकांची पाठ त्या निर्णयाने सुखावली.

तिसरा आक्षेप देखाव्याचा. खादी, चप्पल, झोपडीत मुक्काम, जमिनीवर बसून जेवण, यांची छायाचित्रे काढून घेणे सोपे आहे आणि ती काढून घेतलीही जातात. खरा साधेपणा ओळखायचा कसा? त्याची एक कसोटी इतिहासाने दिली आहे, ती म्हणजे पद सोडण्याची वेळ. आणीबाणीत 1976 मध्ये लोकसभेची मुदत एक वर्षाने वाढवली गेली. मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवले होते, म्हणून मधु लिमयांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. पुढे त्यांनी खासदारकीचे निवृत्तिवेतन घेतले नाही, स्वातंत्र्यसैनिकाचेही नाही. यावर कुणी म्हणेल की चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, आणि ते तर आयसीएस अधिकारी होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, फकिरीची शपथ त्यांनी कधी घेतली नव्हती. बरोबर आहे. देशमुखांपाशी राजकारणाबाहेरची विद्वत्ता, प्रतिष्ठा आणि काम होते. लिमयांपाशी गरजाच थोड्या होत्या. दोघांनाही पदावाचून जगता येत होते. राजकारणाखेरीज दुसरे उत्पन्न नाही आणि गरजा मात्र अफाट आहेत, असा माणूस राजीनामा देऊ शकत नाही. त्याला पक्ष बदलता येतो, इतकेच. साधेपणाचे राजकीय मोल इथे आहे. तो नेत्याला मोकळा ठेवतो.

मग ही व्यवस्था मोडली कशी? लोक लोभी झाले हे उत्तर मला पटत नाही. लोभ 1884 मध्येही होता. बदलला तो संघटनेचा पाया आणि निवडणुकीचा खर्च. ज्या गिरण्यांच्या चाळींतून समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना वर्गणी आणि माणसे मिळत, त्या 1982 च्या गिरणी संपानंतर ओस पडत गेल्या. दुसरीकडे 1969 मध्ये कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली, पण तिच्या जागी लोकवर्गणीची किंवा सरकारी मदतीची कोणतीच सोय झाली नाही. पैसा थांबला नाही, तो अंधारात गेला. 1985 मध्ये बंदी उठली तोवर सवय पक्की झाली होती. 2018 मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांनी ती गुप्तता कायद्यात बसवली आणि सर्वोच्च न्यायालयाला 15 फेब्रुवारी 2024 रोजी ते रोखे घटनाबाह्य ठरवावे लागले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला 25,000 रुपये खर्चाची मर्यादा होती; आज मोठ्या राज्यांत ती 95 लाख आहे, आणि पक्षाने स्वतः करायच्या खर्चाला मर्यादाच नाही. पक्ष आता उमेदवाराला पोसत नाहीत, स्वतःचा खर्च स्वतः उचलील असा उमेदवार शोधतात. महाराष्ट्राच्या सध्याच्या विधानसभेत, आमदारांच्याच प्रतिज्ञापत्रांनुसार, दहापैकी नऊहून अधिक आमदार कोट्यधीश आहेत. या रचनेत एखादा गणपतराव निपजला तरी त्याला तिकीट कोण देणार?

सगळीकडे हीच गत झाली आहे असे नाही. सोलापुरात नरसय्या आडम तीनदा आमदार झाले आणि विडी कामगार बायकांसाठी कुंभारीजवळ दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदावरी ऊर्फ गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. ती घरे मिळाली ती विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेमुळे, त्यांच्या वर्गणीमुळे आणि अनेक वर्षांच्या मोर्चांमुळे. नेत्याचा साधेपणा तिथे टिकला, कारण त्याचा खर्च उचलणारी माणसे त्याच्यामागे होती आणि हिशेब विचारायचा हक्क त्यांना होता. एसटीतून फिरणाऱ्या आमदाराचे छायाचित्र पुढच्याला पाठवण्याने असा दुसरा आमदार तयार होत नाही. ज्यांना तो खरोखर हवा आहे त्यांनी आपल्या पसंतीच्या पक्षाकडे किंवा संघटनेकडे दरवर्षी जमेल तेवढी रक्कम रीतसर पावती घेऊन द्यावी, आणि वर्षअखेर तिचा हिशेब मागावा.